बॅच कोड जुळला म्हणजे ओरिजिनल? नाही हो

परफ्यूमच्या खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडाचा बॅच कोड (माल कुठल्या खेपेतला ते सांगणारा नंबर) जुळला की माल ओरिजिनल असं बरेच जण सांगतात, पण तेवढ्यावर जाऊ नका, नकलीवाले खरा कोड उचलून दोन्हीकडे छापतात. मी ब्लू द शनेल हा परफ्यूम असाच कोड बघून घेतला आणि फसलो, घरी भावाच्या खऱ्या बाटलीशेजारी ठेवल्यावर कळलं. त्याच्या बाटलीचं झाकण कसंही ठेवा, चुंबकाने टक्कन बसतं आणि वरचा लोगो आपोआप सरळ येतो, माझं आपलं ढिलं ढिलं फिरतंय! आतली नळीपण जाड, पांढरी, खाली वाकलेली. खऱ्यात ती जवळजवळ दिसतच नाही. वास पहिली पाच मिनिटं डिट्टो हां, मग नुसतं स्पिरिट. आणि भारतातल्या दुकानातून घेताय तर इंपोर्टरचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेलं स्टिकर आधी शोधा, ड्यूटी फ्रीचं वेगळं.