वाचनकट्ट्यासाठी लाचलुचपत, विषमता यावरची कादंबरी सुचवा (३०० च्या आत)

चोपडेकर: आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा बारा-पंधरा जण बसतो. बहुतेक केळीवाले. फलकावर भाव एक, बांधावर हातात पडतो दुसरा. म्हणून पैसा, लाच यावरचं काही हवंय. मराठी, पातळ, ३०० रुपयांत. एकच प्रत घेणार.

भुसावळचा जुना वाचक: नेमाडे. 'हिंदू'. आपल्या सांगवीचा माणूस, २०१४ चं ज्ञानपीठ. मी २०१० मध्येच विकत घेतली, सहीसकट.

चोपडेकर: भाऊ, पातळ म्हटलं होतं.

धुळ्याचा भो: 'सिंहासन', अरुण साधू, १९७७. पिक्चरपेक्षा पुस्तक भारी.

पिक्चरवेडा: पिक्चर एकट्या 'सिंहासन'वर नाही, 'मुंबई दिनांक'पण आहे त्यात.

धुळ्याचा भो: मी कुठं नाही म्हटलं?

निवृत्त, अमळनेर: 'राग दरबारी' घ्या. हिंदी आहे, पण खान्देशात हिंदी कुणाला अडते? त्यातला लंगड लाच न देता नक्कल मिळवायची म्हणून खेटे घालत राहतो. मी फेरफाराच्या नकलेसाठी अकरा खेटे घातले, बाराव्याला शंभराची नोट सरकवली. लंगड माझ्याहून चिवट.

पुण्यातला जळगावकर: 'द व्हाइट टायगर', २००८ चं बुकर. ड्रायव्हर मालकाला मारून बंगळुरूत स्वतःच्या गाड्या लावतो. आमच्या ड्रायव्हरपासून लपवून वाचली.

नंदुरबार_मास्तर: अचेबेची 'नो लाँगर ॲट ईज', १९६०. नायजेरियातलं गाव पैसे उभे करून पोराला विलायतेत शिकवतं. पोरगा साहेब होतो आणि लाच घेताना सापडतो. गावाला राग कशाचा? फक्त वीस पौंडांसाठी सापडला, याचा.

धुळ्याचा भो: आफ्रिकेचं कशाला? आपल्याकडे कमी आहे का?

तापीकाठ: मी बी तेच सांगस. 'हिंदू' ल्या.

चोपडेकर: सगळ्यांचे आभार. अचेबे मागवली. इंग्रजी आहे आणि ३५० पडले, आता कुणी बोलू नका. वाचून मीच कट्ट्यावर अहिराणीत सांगणार. आमच्या गावानंही एकाला वर्गणी काढून शिकवलं होतं. आता तो कुठल्या खात्यात आहे, ते इथं लिहीत नाही.

भुसावळचा जुना वाचक: बघा बुवा. 'हिंदू' हवी तर माझी प्रत न्या. सही आहे, पानं दुमडू नका.