आत्यासाठी रात्री घालायची मऊ टोपी शिवायचीय, कापड आणि माप सांगा

मळ्यातली_सून

नमस्कार सगळ्यांना. आमची आत्या ८२ वर्षांची आहे, आमच्याकडेच असते, निफाडजवळ. इथली थंडी तुम्ही दरवर्षी पेपरात वाचत असालच, पारा एक आकडी होतो आणि आमचं घर मळ्यात, चारी बाजूंनी द्राक्षबाग, त्यामुळे पहाटेचा गारठा विचारू नका. आत्याचे केस आता फार विरळ झालेत, टाळू दिसतो, मागे अगदी छोटासा अंबाडा घालते. डोक्याला गार लागलं की तिला झोपच लागत नाही, उठून बसते. लोकरीची कानटोपी टोचते म्हणून काढून टाकते, इलास्टिकवाली घातली तर सकाळी कपाळावर वळ दिसतो आणि कानशिलं दुखतात म्हणते, रुमाल बांधला तर मध्यरात्रीपर्यंत गळ्यात आलेला असतो. म्हणून घरीच काहीतरी मऊ शिवावं म्हणतेय. माझ्याकडे साधं पायमशीन आहे, सरळ टीप फक्त, झिगझॅग नाही. फॉल बिडिंग, उशांचे अभ्रे, परकर एवढं व्यवस्थित शिवते. कापड कुठलं घेऊ, माप कसं घेऊ, आणि इलास्टिक न लावता टोपी डोक्यावर राहील का?

शिवणघर

राहील, नक्की राहील, फक्त कापड होजियरी घ्या. नवीन आणायची गरजच नाही, घरातला जुना शंभर टक्के सुती टीशर्ट बघा, दहा वेळा धुवून मऊ झालेला, पुरुषाचा असेल तर बरं म्हणजे बाजूला शिवण नसते बऱ्याचदा. नवं कापड घेतलंत तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, सुती होजियरी पहिल्या धुण्यात आटतेच.

माप असं घ्या. टेप भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो फुगीर भाग असतो त्यावरून गोल. समजा २१ इंच आलं, तर टोपी २० ची करायची, एक इंचच कमी, कारण कापड ताणतं आणि तेवढ्यावर टोपी धरून राहते. त्याहून कमी केलंत तर परत कानशिलं दाबणार. मग एका कानाच्या पाळीखालून डोक्यावरून दुसऱ्या पाळीखालपर्यंत टेप न्या, १६ आलं तर त्याचं निम्मं ८ ही उंची, त्यात दोन इंच जास्त धरा घडी घालायला.

आता टीशर्ट सपाट पसरा, उलटा करून. खालची जी तयार शिवलेली कड असते ना तीच आपल्या टोपीची कड, म्हणजे दुमडायचं कामच संपलं. त्या कडेवर साडेदहा इंच रुंदी घ्या (१० आणि दोन्हीकडे पाव पाव इंच मार्जिन), वर सव्वादहा इंच उंची, आणि वरचे दोन्ही कोपरे ताटली ठेवून गोल करा. दोन्ही थर एकदम कापा. कापड आडवं ताणलं जायला हवं, उभं नाही, टीशर्टात ते आपोआपच तसं येतं. मग एका बाजूने वर जाऊन दुसऱ्या बाजूने खाली एकच सलग शिवण, झाली टोपी.

सरळ टिपेचं मशीन असेल तर टाका थोडा मोठा करा आणि शिवताना कापड पुढून मागून अगदी हलकं ताणून धरा, म्हणजे घालताना दोरा तटकन तुटत नाही. सुई होजियरीची मागा दुकानात, ११ नंबर, तिचं टोक गोलसर असतं, साध्या सुईने बारीक भोकं पडतात आणि मग तिथूनच घर सुटतं. मशीन कापड आत ओढायला लागलं तर खाली पातळ कागद धरून शिवा आणि नंतर फाडून टाका. मशीनचा कंटाळा आला तर हाताने उलटी टीप घाला, टोपीएवढ्या कामाला तासाभराच्या वर लागत नाही.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची. टोपी सुलटी करूच नका. टाळूची कातडी या वयात पातळ झालेली असते, पाव इंचाची मार्जिन रात्रभर डोक्याखाली राहिली की तेवढंच टोचतं. त्यासाठीच विचारते, आत्या झोपतात कशा, कुशीवर का उताण्या? कुशीवर झोपत असतील तर शिवण कपाळापासून मानेकडे जाईल अशी घाला, उताण्या झोपत असतील तर तीच टोपी फिरवून शिवण दोन्ही कानांवर येऊ द्या. म्हणजे जिथे वजन पडतं तिथे शिवण येत नाही.

कोथरूडची_काकू

होजियरी चांगलीच पण ती धुवून धुवून ढगळ होते हे ही लक्षात ठेवा. मी माझ्या सासूबाईंसाठी जुन्या मलमलच्या साडीची करायचे, तिच्यासारखा मऊपणा नव्या कापडाला येतच नाही. फक्त मलमल उभी आडवी कापायची नाही, उरेबी म्हणजे तिरकी कापायची, मग तीही ताणते. माप मात्र डोक्याइतकंच किंवा अर्धा इंच जास्त, कमी नाही. आणि उरेबी कड शिवताना अजिबात ओढायची नाही, ती पसरते.

थंडी एवढी असेल तर एका थराने भागणार नाही. एकसारख्या दोन टोप्या करा, उलट बाजू उलट बाजूला लागेल अशी एकात एक घाला, दोन्हीच्या कडा आत दुमडून गोल टीप मारा. शिवणी सगळ्या दोन थरांच्या मध्ये गेल्या, आतून बाहेरून कुठेच काही लागत नाही. आतली मलमल, बाहेरची होजियरी केलीत तर फार छान होते. फ्लीस वापरू नका असं माझं मत, ऊब देतं पण घाम शोषत नाही, मग टाळूला खाज.

आणि किमान तीन करून ठेवा हो. म्हाताऱ्या माणसांना डोक्याला तेल लागतंच, तेलकट टोपी गरम पाण्यात सोड्याने धुवून उन्हात वाळवायची.

वॉर्डातली_ताई

टोपीचं वरच्या दोघींनी सांगितलंच आहे, मी नर्स आहे म्हणून दोन गोष्टी. हनुवटीखाली नाडी अजिबात लावू नका, झोपेत सरकून गळ्याशी येते आणि त्यांना अंधारात गाठ सुटत नाही. दुसरं, कानशिलं दुखतात म्हणालात ते टोपी काढल्यावर थांबतं का ते नीट विचारा. टोपी नसतानाही दुखत असेल, केस विंचरताना टाळू दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल किंवा अंधुक दिसायला लागलं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. या वयात कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज येऊ शकते आणि वेळेवर औषध नाही मिळालं तर नजरेवर जातं. कानाचं मशीन वापरत असतील तर संध्याकाळी टीव्ही बघताना टोपीची कड कानाच्या वर ठेवा, मशीन झाकलं की ते शिट्टी मारतं.

मळ्यातली_सून

किती नीट सांगितलंत सगळ्यांनी, खरंच आभार. ताई, आत्ताच विचारून आले, टोपी काढली की दुखणं जातं आणि विंचरताना काही होत नाही, डोळ्यांचं तर मोतीबिंदूनंतर चांगलं आहे. ती उजव्या कुशीवर झोपते, म्हणजे शिवण कपाळ ते मान. पण अंबाडा मानेजवळ असतो, तिथे टोपी वर चढणार नाही का? आणि दोन थर केले तर माप तेच ठेवू?

शिवणघर

म्हणूनच ते दोन इंच जास्त धरलेत. कड फक्त पुढून कपाळावर दुमडा, मागे तशीच सोडा, अंबाडा पूर्ण आत जातो आणि मान पण झाकते. दोन थरांना बाहेरची टोपी पाव इंच मोठी कापा, नाहीतर आतली चुरगळते. काकूंची मलमल आत घेणार असाल तर तिला टीशर्टची तयार कड नसणार, दुमडायला अर्धा इंच उंची वाढवा. आधी एकेरी होजियरीची करून दोन रात्री घालायला द्या, मागून सैल वाटली तरच मानेच्या बाजूला तीनेक इंच मऊ इलास्टिक, तेही बाहेरच्या थराला. कपाळाकडे नाही.