शेवाळापासून झाडं झाली म्हणतात, पण समुद्रातून का तळ्यातून?

चिंचवडची_आई:
मुलगी नववीत आहे, थॅलोफायटा ब्रायोफायटा टेरिडोफायटा हे वनस्पतींचे गट घडाघडा म्हणते पण काल विचारते की पाण्यात सगळं आयतं मिळत होतं तर शेवाळ जमिनीवर आलंच कशाला, आणि आलं तर वाळून मेलं कसं नाही? समुद्रातल्या सीवीडपासूनच हळूहळू झाडं झाली ना? कोणी बॉटनीवाले असाल तर सोपं करून सांगा प्लीज.

रानवाटा:
सीवीड नाही हो, ती शाखाच वेगळी. झाडांचे सख्खे नातेवाईक गोड्या पाण्यातले. आधी सगळे कारा नावाच्या शेवाळाकडे बोट दाखवायचे कारण ते दिसतंच झाडासारखं, पण जीनोम वाचल्यावर नंबर लागला स्पायरोगायराच्या गटाचा, तळ्यात हिरवे बुळबुळीत धागे असतात ना तेच. म्हणजे त्याच्यापासून झाडं झाली असं नाही, दोघांचा पूर्वज एक.
आणि आलं कशाला तर कोणी ठरवून येत नाही, डबकं आटलं की चिखलात जे तग धरेल ते उरतं. वर ऊन भरपूर, कार्बन डायऑक्साइड पण हवेत पाण्यापेक्षा कितीतरी सहज मिळतो, त्यामुळे जे टिकलं त्याची चंगळ. शिवाय थोडी तयारी आधीच होती, काराच्या झायगोटला, म्हणजे फलित पेशीला, स्पोरोपोलेनिनचं चिवट कवच असतं, तोच पदार्थ पुढे जमिनीवरच्या वनस्पतींनी बीजाणूंवर चढवला. असे साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीचे बीजाणू अर्जेंटिनातल्या खडकात मिळालेत.

बुरशीवाला:
आमच्या बुरशीला कोणी विचारतच नाही 😄 सुरुवातीला मुळं कुठे होती? स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती दगडात इतक्या छान टिकल्यात की पेशींच्या आत शिरलेली बुरशी दिसते. ती फॉस्फरस आणून देणार, झाड साखर देणार, आजही बहुतेक झाडांचं असंच चालतं.

प्रॅक्टिकल_मॅडम:
मुलीला पावसाळ्यात भिंतीवरचं मॉस दाखवा, भिंग घेऊन. हिरव्या गादीतून बारीक दांड्या वर येतात आणि टोकाला बोंडं असतात, त्या दांड्या म्हणजे पुढची पिढी, आईच्या अंगावरच वाढलेली. स्पायरोगायरात झायगोटचं थेट मिऑसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) होतं, विषय संपला. मॉसमध्ये मात्र नर पेशीला पोहत जायला पाण्याचा थर लागतो, तो जमिनीवर कधीतरीच मिळणार, म्हणून एकदा फलन झालं की तो गर्भ आईने पोसायचा आणि त्याच एका फलनातून ढीगभर बीजाणू काढायचे. पुस्तकात मॉसच्या गटाबद्दल "वनस्पतीसृष्टीचे उभयचर" एवढंच पाठ करून घेतात, हे कोणी सांगतच नाही. मेणासारखा क्युटिकलचा थर, पर्णरंध्रं, लाकडाला कडक करणारं लिग्निन वगैरे पुस्तकात आहेच. लिग्निनने उंची दिली.

चिंचवडची_आई:
बापरे, भारी आहे हे. थँक्यू सगळ्यांना! मग मोठ्या झाडांना पोहायची भानगड नाही ना?

प्रॅक्टिकल_मॅडम:
फुलझाडांना नाही, परागनलिका नर पेशी थेट बीजांडात नेऊन सोडते. पण सोसायटीच्या गेटपाशी हौसेने लावतात ते सायकस बघा, त्याच्या नर पेशी अजूनही पोहतात, फक्त बाहेरच्या पाण्याची गरज नाही, सगळं बीजांडाच्या आतच उरकतं. गिंको या झाडाचंही तेच, १८९६ साली जपानमध्ये हिरासे या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा पाहिलं.