गोवंश हत्याबंदी: कायदा झाला, वैरणीचं काय?

सातबारा:
संस्कृतीचा मुद्दा असला की उजवे पक्ष कायदा करून मोकळे होतात, त्याच्या खर्चाचं नाव काढलं की विषयच बदलतो. राज्यात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. बैल मात्र प्रमाणपत्र घेऊन कापता येत. युती सरकारने १९९५ साली दुरुस्ती करून तीही वाट बंद केली आणि २०१५ मध्ये तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मधल्या वीस वर्षांत भाकड जनावराचा हिशेब कुणी मांडला? साडेतीनशे किलोच्या बैलाला रोज सात-आठ किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे वर्षाला अडीच-तीन टन. थकलेला बैल विकून नव्यात भर घालायची, हा शेतकऱ्याचा हिशेब होता. तो मोडला.

गोठा:
त्या वीसपैकी पंधरा वर्षं सत्ता काँग्रेस-राष्ट्रवादीची होती, तेवढं बरं विसरलात! आणि हे नुसतं भावनेचं प्रकरण नाही. गुजरातच्या अशाच कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २००५ मध्ये शिक्कामोर्तब केलं. शेणखतामुळे म्हातारा बैलही निरुपयोगी ठरत नाही, हा त्यातला मुद्दा होता. वैरणीचं म्हणाल, तर देशी गायीमागे रोज ५० रुपये अनुदान मंजूर आहे.

चावडी:
ते ५० रुपये गोशाळेला, शेतकऱ्याच्या दावणीला नाहीत. बैल त्यात बसत नाही, होल्स्टीन संकरित जनावरही नाही. खरी अडचण तर संकरित गोऱ्ह्याची आहे: वशिंड नाही, त्यामुळे मानेवर जू नीट बसत नाही आणि उन्हात धापा टाकतो. त्याला सांभाळणार कोण? अनुदानाचा निर्णय झाला ३० सप्टेंबर २०२४ ला. त्याच दिवशी देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' दर्जा दिला आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. अनुदानातल्या त्रुटींवर किती चर्चा झाली, सांगा बघू.

गोठा:
मग तो दोष मथळे देणाऱ्यांचा. गोऱ्हे नकोत तर लिंगवर्गीकृत रेतन आहे, नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडीच होतात. आणि म्हशी बंदीबाहेर आहेतच की.

सातबारा:
कागदावर. २०२५ मध्ये गोरक्षकांच्या गाड्या अडवण्याला कंटाळून कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा म्हशींचे व्यवहारही अडले. शेतकऱ्यांच्या बाजूने महायुतीचेच सदाभाऊ खोत बोलले. विरोधकांच्या तोंडी हेच असतं, तर गोद्रोही ठरवून चर्चा तिथेच मिटवली असती. जनगणनेत राज्यातला गोवंश २०१२ च्या सुमारे १.५५ कोटींवरून २०१९ मध्ये १.४० कोटींवर आला.

गोठा:
त्यात ट्रॅक्टरचा वाटा किती, ते सांगा आधी. बैलजोडी मोडण्याचं कारण बंदीच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

चावडी:
ट्रॅक्टर आहेच. म्हणून तर बंदीपुरता परिणाम वेगळा काढून सभागृहात मांडायला हवा होता. तूर्त एवढं करा: कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा नंबर बाजार समितीच्या पावतीवर टाका, आणि वाटेत गाडी तपासायची ती पोलिसांनीच.