वाळवण गेलं, तसा उन्हाळाही गेला का?

छत्रीबागेची माहेरवाशीण
परवा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, व्हॉट्सअ‍ॅपवर. वेळ सहा ते साडेसात, जागा सोसायटीचा हॉल. आंबेडाळ केटररची. डाळ भरड हवी ना? ही तर गंधासारखी वाटलेली. घरी येऊन चक्क रडू आलं.

आमच्या इंदूरच्या घरी ऋतू आईच्या हातून यायचे. चैत्रात पन्हं, मग वर्षाचा गहू यायचा. तो निवडून, एरंडेल चोळून कोठीत भरायचा. मग कुरडया, सांडगे, पापड. आम्ही मुली गच्चीवर छत्री घेऊन कावळे हाकत बसायचो, आणि चीक खायला मिळायचा. पाऊस पडला की भुट्टे, म्हणजे मक्याची कणसं, किसायची. पितृपक्षात शेजारच्या मालवी मैत्रिणींबरोबर भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे रोजचं नवं चित्र, काढायची, शेवटच्या दिवशी किलाकोट, म्हणजे किल्ल्याचं मोठं चित्र. थंडी आली की गराडूचे कंद तळायचे, वर जिरावण मसाला. आता सगळं बाराही महिने पाकिटात मिळतं. संजासुद्धा छापील कागदाची. आपण बायकांनी हात काढून घेतला आणि घरातले ऋतूच गेले, असं मला वाटतं.

सून, विजयनगर
ताई, तुम्ही कावळे हाकत होतात. पहाटे चारला उठून चीक कोण घाटत होतं? गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, आणि मग ते पातेलं गुठळी होऊ न देता घाटायचं. माझ्या सासूबाईंचा उजवा खांदा आजही वर जात नाही. त्यांना विचारलं, उन्हाळा आठवतो का? म्हणाल्या, "खांदा आठवतो."

आणि भुट्ट्याचा कीस म्हणालात म्हणून सांगते. सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, कढईपुढे पुरुष उभे असतात, तेव्हा तो धंदा. घरी तोच कीस म्हणजे बाईची माया. वा!

जुना इंदुरी
दोघींनीही पाणी विसरलंत. नर्मदेचं पाणी इंदुरात आलं 1978 साली. त्याआधी यशवंतसागर, बिलावली या तलावांवर भागायचं, आणि मे महिन्यात भागायचं नाही. आमच्या वाड्यात आईचा उन्हाळा रात्री दोनला हंड्यांच्या रांगेत सुरू व्हायचा. कुरडयांना पाणी किती लागतं, हिशेब करा. पण रात्री गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकल्या की अशी गार झुळूक यायची! मालव्याच्या रात्रीचं कौतुक उगीच नाही. आता एसीच्या खोलीत रात्र कळतच नाही. म्हणजे मी कोणाच्या बाजूचा, ते मलाही सांगता येत नाही.

छत्रीबागेची माहेरवाशीण
काका, शिंपडायला पाणी कुठून येत होतं? 🙂
विजयनगरच्या ताई, कष्ट मी नाकारत नाही. पण आई तेव्हा शेजारणींबरोबर हसायची, गायची. ते हसू खोटं होतं का? आता चार वाजता उठावं लागत नाही, पण चार जणी एकत्रही बसत नाहीत.

तिसरी
मला एकच सांगायचं आहे. माझ्या आत्याचे मिस्टर लवकर गेले. गल्लीतल्या एकाही हळदीकुंकवाला तिला बोलावलं नाही. आंबेडाळ मात्र तिच्याच हातची हवी असायची. आदल्या संध्याकाळी डाळ भिजवून पाटा धुऊन घ्यायला तिला निरोप यायचा. त्या हसणाऱ्या बायकांत ती नव्हती, ती आत होती.

छत्रीबागेची माहेरवाशीण
हे वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही.

परवा त्या हॉलमध्ये माझ्या शेजारी एक काकू बसल्या होत्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले. त्यांचीही भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली. कोणी कुजबुजलं नाही. हे मी वर लिहिलं नाही, डाळीचंच लिहिलं. आमच्या आईच्या घरी हे घडलं नसतं.

डाळ मात्र वाईटच होती, त्यावर मी ठाम आहे.

हॉस्टेलवाला
मुलगा आहे, लिहू का? मागच्या एप्रिलमध्ये मी आजीला फोनवर विचारून साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. निम्म्या प्लास्टिकला चिकटल्या. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत, त्यामुळे ऊन सगळं त्यांचं. कोपऱ्यात दोन चादरी मावल्या. गंमत आली. पण मी एक दिवस केलं, आणि व्हिडिओ टाकून कौतुकही घेतलं. आजीने पन्नास वर्षं केलं, तिला कोण वा म्हणालं?

सून, विजयनगर
बघा! एक दिवस, हौसेनं, आणि नको वाटलं तर सोडून देता येतं. एवढंच माझं म्हणणं.

छत्रीबागेची माहेरवाशीण
मग या रविवारी माझ्या गच्चीवर या. किलोभराच्याच कुरडया करू. गहू बुधवारी मी भिजवते. हॉस्टेलवाल्या, चीक तू घाटायचास.

सून, विजयनगर
सोऱ्या दाबायला येते. पण चारला नाही, सातला. आणि सासूबाईंना आणते, त्या फक्त खुर्चीत बसून चीक खातील.