सन कॉन्यूर: सात वर्षांचा घ्यावा की पिल्लू? (अमळनेर)

अमळनेरची_लेक
नमस्कार मंडळी. घरी पोपट आणायचं पक्कं झालंय, म्हणजे मुलीचं पक्कं झालंय आणि आमचंही झालं असं ती धरून चालली आहे. ती आठवीत. घरात मी, नवरा आणि सासूबाई. जुनं घर, मागे अंगण, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागून.

दोन ठिकाणी बोलणं झालंय. धुळ्याला एकजण पक्ष्यांची पैदास करतो. त्याच्याकडे सन कॉन्यूरचं (सोनेरी रंगाचा परदेशी पोपट) पिल्लू आहे, अजून भरवावं लागतं. "आत्ताच न्या, तुमच्या हातचं होईल, शिवाय स्वस्तात देतो" म्हणतो. दुसरा जळगावला, सात वर्षांचा सन कॉन्यूर. मालक पुण्याला फ्लॅटमध्ये चाललेत, पिंजऱ्यासकट देतायत.

मोठा पक्षी आपल्याला लळा लावेल का? नवरा म्हणतो, विकायला काढलाय म्हणजे काहीतरी खोट असणार. सासूबाई म्हणतात, दोन्ही नको, मांजर पाळा.

भरीतपार्टी
माझं मत सासूबाईंना.

रावेरवाला
एवढा खर्च कशाला भो? देशी राघू आणा ना. आमच्याकडे केळीच्या बागांत थवेच्या थवे पडलेत.

तापीकाठचा
@रावेरवाला, ते थवे बागेतच राहू द्या. देशी पोपट, मग तो साधा राघू असो की पहाडी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. पकडणं, विकणं, घेणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. बाजारात उघड्यावर विकतात म्हणून तो कायदेशीर होत नाही.

ताई, आता तुमचं. भरवावं लागणारं पिल्लू आणू नका, फुकट दिलं तरी. त्याची पेज साधारण ४० अंशांवर लागते. जास्त गरम झाली तर गळ्याखालची अन्नपिशवी आतून भाजते, गार झाली तर पेज तिथेच साचून आंबते. सिरिंज जरा चुकली की श्वासनलिकेत. पिसं पुरती फुटली नसतील तर ऊबही सांभाळायची, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल ते महावितरणच जाणे. शिकलेल्या माणसाचं काम आहे ते. पिल्लूच हवं तर स्वतः दाणे फोडून खाणारं, वजन टिकवून असलेलं घ्या. ते साधारण अडीच-तीन महिन्यांचं असतं.

आणि "तुमच्या हातचं होईल" हे विकणाऱ्याचं नेहमीचं पालुपद. भरवणाऱ्यालाच पक्षी जन्मभर धरून राहतो असं काही नसतं. उलट जंगलात पिल्लं आईबापांपासून सुटी होतातच. भरवलं तुम्ही आणि मोठेपणी जाऊन बसला नवऱ्याच्या खांद्यावर, असं सर्रास होतं.

खरी गोम पुढे आहे. सन कॉन्यूर दोनेक वर्षांचा झाला की वयात येतो. लाडात मानेवर झोपणारं पिल्लू तेव्हा पिंजऱ्यात हात घातला की रक्त काढतं, कपाटामागे घरटं शोधतं, एकाच माणसाला धरून बाकीच्यांवर धावून जातं. पुष्कळ पक्षी विकायला निघतात ते याच टप्प्यावर. पिल्लाचा स्वभाव पाहून घेणं म्हणजे न बघता घेणं. सात वर्षांच्या पक्ष्याचं हे सगळं होऊन गेलेलं असतं. तो कसा आहे ते डोळ्यांनी दिसतं. नीट ठेवला तर २५-३० वर्षं जगणारी जात आहे, तेव्हा सात म्हणजे काही म्हातारपण नाही.

रंगही बघून ठेवा. या जातीचं पिल्लू बरंचसं हिरवट असतं, पूर्ण सोनेरी व्हायला दीड-दोन वर्षं जातात. झगझगीत केशरी पक्षी दाखवून कुणी "चार महिन्यांचा" म्हणाला तर नमस्कार करून निघा. मोठ्या पक्ष्याचं वय मात्र नुसतं बघून कळत नाही. पायात अखंड कडी असेल तर तिच्यावर बहुधा साल कोरलेलं असतं. ती कडी अगदी लहानपणीच घालता येते, त्यामुळे त्या सालावर विश्वास ठेवता येतो.

एक आगाऊ सल्ला. मुलगी चार-पाच वर्षांत शिकायला पुण्या-नाशिकला जाईल. दिवसभर घरी कोण? सासूबाई. जळगावला जाताना मुलीच्या आधी त्यांना गाडीत बसवा.

निंबोणी
माझ्याकडे क्वेकर जातीचा पोपट आहे, मोठा झालेलाच आणला. आधीचं घर नंदुरबारकडचं, अहिराणी बोलणारं. आजही कुणी दाराच्या कडीला हात लावला की आतून आवाज येतो, "कथा चालना?" (कुठे चाललास?) आमच्या घरात अहिराणी कुणालाच येत नाही. पोस्टमन दचकतो.

लळा लावतो हो, पण त्याच्या सवडीने. सुरुवातीला पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं तरी बाहेर यायचा नाही. मी हात घातलाच नाही. रोज पिंजऱ्याशेजारी बसून भाजी निवडायची, त्याच्याकडे न बघता. एक दिवस मान लांबवून ताटातली हिरवी मिरची ओढली आणि बियांसकट फस्त केली. (पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही. आम्हीच पाणी पीत बसलो.) तिथून पुढे सगळं सोपं झालं.

मोठ्या पक्ष्याची खरी कटकट खाण्याची. नुसत्या सूर्यफुलावर वाढलेला असेल तर भाजीला शिवणारही नाही. त्या बियांत चरबी फार, अ जीवनसत्त्व नावाला. यकृत बिघडतं. एकदम बंद करू नका, उपाशी राहील पण नवं खाणार नाही. बिया हळूहळू कमी करत पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या), मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, कोवळं ज्वारीचं कणीस पुढे करत राहायचं. चहा, चॉकलेट, अॅव्होकाडो कधीच नाही.

नॉनस्टिक तवा असेल तर पक्षी येण्याआधी घराबाहेर. जास्त तापला की निघणारी वाफ माणसाला जाणवतही नाही, पक्षी मात्र मिनिटांत जातो.

भरीतपार्टी
आणि भरताच्या वांग्यांचं काय? आमच्याकडे मागच्या अंगणात पऱ्हाटीवर भाजतात.

निंबोणी
@भरीतपार्टी, भाजा की. पण धूर पक्ष्याकडे जायला नको. पिंजरा पुढच्या खोलीत, दार लावून. पक्ष्याच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही.

अमळनेरची_लेक
खूप आभार. पिल्लाला नाही कळवून टाकलं, आता भाव अजून उतरवतोय तो. जळगावला रविवारी जातोय. सासूबाई येतायत, "बघायला काय जातं" म्हणून. नक्की काय बघायचं? कागदपत्रं लागतात का? आणि आवाज खरंच मोठा असतो का?

तापीकाठचा
आवाज मोठा नाही, प्रचंड. सकाळ-संध्याकाळ किंचाळतो, आणि भिंतीला भिंत म्हणजे शेजाऱ्यांशी आधी बोला. हे ऐकून विचार बदलला तर कॉकाटील बघा, तोही छोटा परदेशी पोपटच, पण शांत आणि सोपा.

तिथे गेल्यावर मालकाच्या हातावरचे लाड पाहून भुलू नका. मालक खोलीबाहेर गेल्यावर तो काय करतो ते बघा. थोडं किंचाळेल, ते ठीक. अंगाची पिसं उपटलेली आणि डोकं मात्र छान भरलेलं असेल तर स्वतःच उपटतोय, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. छातीचं मधलं हाड सुरीसारखं टोचत असेल, नाकपुडी ओली असेल, शेपटी श्वासागणिक वरखाली होत असेल, तर आधी डॉक्टर. वजन १००-१२० ग्रॅमच्या आसपास असावं, किचनचा काटा सोबत न्या. आजारी पक्षी शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग करतो, काटा सोंग करत नाही.

आपल्याकडे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी, शेळ्या बघणारे. पक्षी तपासतात का ते आधी फोनवर विचारा, वेळ पडली तर नाशिक गाठायची तयारी ठेवा.

कागदाचं महत्त्वाचं. सन कॉन्यूर साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीतला आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं. नोंदणी दाखवली नाही तर पैसे देऊ नका. "नंतर करून देतो" चालणार नाही.

रावेरवाला
बरं भो, राघू रद्द. पण मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर जातं, त्याचं काय?

निंबोणी
चोच उघडी ठेवून धापा टाकतोय आणि पंख अंगापासून लांब धरलेत, म्हणजे गरम होतंय. पिंजरा पत्र्याखाली आणि पश्चिमेच्या खिडकीत नको. कूलर खोलीत चालेल, पण झोत थेट अंगावर नको. आंघोळीला परात ठेवा, स्वतः उतरतो. आणि जळगावहून आणताना पहाटे निघा.

अमळनेरची_लेक
शेजाऱ्यांशी बोलले. वहिनी म्हणाल्या, तुमच्या मिक्सरपेक्षा काय मोठा असणार. त्यांना मी अजून व्हिडिओ दाखवलेला नाही.

पिंजरा आहे तोच चालेल ना?

तापीकाठचा
आधी व्हिडिओ दाखवा, मग होकार धरा. पिंजऱ्याच्या गजांमधलं अंतर मोजा, पाऊण इंचापेक्षा जास्त नको, डोकं अडकतं. गंज किंवा रंगाचे पोपडे असतील तर पिंजरा नवा घ्या, पण त्याच्या जुन्या काठ्या आणि खेळणी त्यात लावा.