अर्ध्या तासात पार्टी येणार म्हटल्यावर घर किती 'आवरायचं'?

दुधाळीकर : घर विकायला काढलंय. कोल्हापुरात, दुधाळी भागात, तळमजला. परवा रविवारी सव्वाअकराला एजंटचा फोन, "पार्टी घेऊन अर्ध्या तासात पोचतोय." गॅसवर मटण, बाथरूममध्ये भिजवलेले कपडे, दारात चपलांचा ढीग. बायकोनं चपला पोत्यात भरल्या आणि पोतं गाडीच्या डिकीत टाकलं. मी खिडक्या उघडल्या, सगळे दिवे लावले, संडासात फिनेल ओतलं. इथवर कुणाची हरकत नसावी.

मग मेव्हण्याला हाक मारून हॉलमधलं सागवानी कपाट दीड हात सरकवलं. ते आता जिथं आहे त्यामागं २०२१ च्या पुराची ओल आहे. दरवर्षी रंग देतो, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे. माझं म्हणणं सरळ आहे. मुलगी बघायला पाहुणे आले की घरातली भांडणं कोण सांगत बसतं? विचारलं तर सांगीन, आपणहून नाही. चुकलं काय?

पेठेतली वहिनी : मुलीची उपमा ठेवा बाजूला. लग्नानंतर कळलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण मटणाचं काय केलंत ते लिहिलंच नाही! आमच्याकडं अशीच रविवारी शाकाहारी पार्टी येणार होती. मी गरम कुकर फडक्यात धरून शेजारी ठेवायला निघाले आणि पार्टी जिन्यातच समोर. शिट्टी पण तेव्हाच झाली. तरी घर त्यांनीच घेतलं. वासानं व्यवहार मोडत नाही, निदान कोल्हापुरात तरी.

दोन टक्के : मी एजंट आहे, शिव्या घालायच्या तर घाला. वासानं मोडतो, वहिनी. मटणाच्या नाही, मोरीच्या. बंद बाथरूमच्या जाळीखालचं पाणी आटलं की गटाराचा वास थेट घरात येतो. फोन आला की आधी तिथं तांब्याभर पाणी ओता, उदबत्त्या नंतर.

बाकी दुधाळीकरांचं बरोबर आहे. पंचगंगेचं पाणी कुठवर येतं हे इथं शाळेतल्या पोराला पण ठाऊक आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि २०१९, २०२१ दोन्ही साली पाणी ५५ च्या वर गेलेलं. पूरपट्ट्यातल्या घराचा भाव तेवढा आधीच पडलेला असतो. दारात पाय ठेवल्या ठेवल्या पोपडे दाखवायचे कशाला? टोकनची बोलणी सुरू झाली की सांगा.

सर्च रिपोर्ट : वकिलाकडं कामाला असतो म्हणून लिहितो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. घरातला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो सांगावा लागतो. न सांगणं कायद्यानं फसवणूक धरलीय. आता बघा, गल्लीत पूर येतो हे पानपट्टीवर विचारलं तरी कळतं. कपाटामागची ओल कळत नाही. आणि ती कळू नये याची सोय तुम्ही स्वतः मेव्हण्याला घेऊन केलीत.

दोन टक्के : साहेब, ओल म्हणजे काय टायटलचा, मालकीहक्काचा घोळ आहे का? गिलावा खरवडला की संपलं.

एकदा पोळलेला : संपत नाही भावा. वीट खालचं पाणी वर ओढते, त्याबरोबर क्षार येतो. पाणी उडून जातं, लोणा राहतो आणि तो रंगाला आतून ढकलतो. वरून ऑइलपेंट मारला तर ओल आणखी वर चढते. दोन वर्षं हेच केलंय.

मी २०१८ च्या मार्चमध्ये घर घेतलं. लखलखीत हॉल, चार भिंतींपैकी एकीलाच नवा रंग. विचारलं नाही, चूक माझी. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंबरभर पाणी. आता कुणाबरोबर घर बघायला गेलो की आधी विजेचे बोर्ड बघतो. छातीएवढे वर घेतलेले असले की पाणी कुठवर आलं होतं ते मालकानं न बोलता सांगितलेलं असतं. खिडकीसमोर कपाट उभं दिसलं तर हमखास मागं टॉर्च मारतो.

दोन टक्के : मार्चमध्ये शेजाऱ्याला विचारायला काय झालं होतं?

एकदा पोळलेला : विचारलं होतं. तो मालकाचा चुलतभाऊ निघाला.

पेठेतली वहिनी : 😂 दुधाळीकर, तुमचे बोर्ड कुठं आहेत?

दुधाळीकर : वहिनी, छातीएवढेच. २०१९ नंतर वर घेतले. रविवारच्या पार्टीतला म्हातारा सारखा तिकडंच बघत होता, मला वाटलं घड्याळ बघतोय.

मटण बंद केलं नव्हतं. जाताना त्यानं मसाला कुठला ते पण विचारलं.

आत्ताच एजंटचा फोन आला, पार्टी उद्या संध्याकाळी परत येतेय, मिस्त्रीला घेऊन. कपाट एकट्यानं हलत नाही. मेव्हण्याला पाचला बोलावलंय.